पोडियमचं माप

विद्यापीठाच्या सभागृहात मी अकरा वर्षं पोडियममागून नुसतं कपाळ दाखवत बोलले. स्त्री-पुरुष समानतेच्या कार्यक्रमाआधी त्याची निखळलेली फळी ठोकायला वागळे इस्टेटमधून एक सुतार आले. त्यांनी मला पोडियममागे उभं केलं, माझ्या कोपरापर्यंत टेप धरली आणि गालात हसले.

"हे साहेब लोकांच्या मापाने केलंय."

"असू दे हो, पायाखाली पाट घेईन मी."

"कशाला? उंच माणसाला वाकता येतं, मॅडम. तुम्हाला आता वाढता येणारे का?"

आणि कुणाला न विचारता त्यांनी खालून सरळ बारा इंच कापून टाकले.

कार्यक्रमात आमचे सहाफुटी संचालक कमरेत वाकून बोलले. त्यांचं भाषण पाच मिनिटांत आटोपलं. मी चांगली पाऊण तास बोलले.