आईशिवायचं व्हिएन्ना

ऑफिसात बाकीचे काय काय विसरलेत ते शोधून काढायचं, हेच माझं काम. त्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा आईला युरोपचा व्हिसा लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण खरंच नाही आलं. नवरा, मुलगी आणि मी, आम्हाला न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली. युरोपला जायचं तर तिकीट काढायचं आणि निघायचं, एवढंच आता माहीत. एकेकाळी बँकेचे कागद छातीशी धरून व्हिसाच्या रांगेत उभी असायचे ती मीच, हे मी पार विसरून गेले होते.

आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लोअर हटला आली होती. तिला परत सोडायला जाताना वाट वाकडी करून व्हिएन्नाला जायचं आणि तिथला बरोक राजवाडा बघायचा, ही कल्पना माझीच. आईला राजाराणीच्या दिवाणखान्यांचं काही पडलेलं नव्हतं, तिला बाग बघायची होती. "झाडं भिंतीसारखी सरळ कापलीयेत म्हणे," ती म्हणायची. "आमच्या सोसायटीच्या माळ्याला साधी मेंदी कापता येत नाही." तयारी म्हणून ती रोज सकाळी नदीकाठी चालायला लागली. कुत्री फिरवणाऱ्यांना ठसक्यात 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करायची आणि आज कुठवर गेले ते घरी येऊन सांगायची.

"आजी, इट्स हीप्स ऑफ वॉकिंग," मुलगी तिला घाबरवायची.

"असू दे. मला काय शर्यत लावायचीय?"

विमानाची तिकिटं काढून झाली, हॉटेल झालं. मग एका संध्याकाळी आईची माहिती भरायला तिचा पासपोर्ट हातात घेतला आणि तो भारतीय निळा रंग बघून लक्षात आलं, हिला व्हिसा लागणार. दुसऱ्या दिवशी व्हिसासाठी फोन केला. पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, इथे पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज आम्ही घेत नाही, भारतातूनच करून यायला हवं होतं.

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं नाही. आधी वाटलं, सुटले. आईला सारखं बाथरूमला जावं लागतं, पायऱ्या दिसल्या की ती थांबते, आणि ती थांबली की मी चिडते. माझा आवाज चढतो, तिचा चेहरा उतरतो आणि मग मी दिवसभर स्वतःवरच धुमसत राहते. व्हिएन्नात यातलं काही होणार नव्हतं. वाईट त्यानंतर वाटलं. आणि त्या 'सुटले'ची लाज अजून जात नाही.

बरेच दिवस मी तिला काही सांगितलंच नाही. ती रोज बुटाच्या नाड्या बांधून निघायची आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचे. शेवटी एका रविवारी ती लसूण सोलत बसली होती, तेव्हा एका दमात सांगून टाकलं. चूक माझी आहे, व्हिसा होणार नाही, तुला इथून मुंबईच्याच विमानात बसवावं लागेल, व्हीलचेअर सांगून ठेवते.

ती सोलत राहिली. "मग त्यात एवढं काय तोंड पाडून बसायचं? तसंही मी सगळीकडे थोडीच येणार होते. नातीकडून नकाशा बघून घेतलाय मी. बागेतल्या टेकडीच्या खाली कारंजं आहे, तिथं बाकं आहेत, बाथरूमही जवळ आहे. मी तिथेच बसून राहणार होते. तुमचा खोळंबा नको आणि तुझी चिडचिड नको."

मी लसणाची सालं गोळा करायला लागले.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "काढलेली तिकिटं वाया कशाला घालवता?"

'नको आई, रद्द करू. पुढच्या वर्षी तू पुण्याहून व्हिसा काढ, मग सगळेच जाऊ.' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. घरात कोणीही नाही म्हटलं नसतं. आईने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती त्याच वाक्याची वाट बघत होती, हे मला दिसत होतं.

"नक्की ना?" मी विचारलं.