नऊ पॉइंट अठ्ठ्याहत्तर टक्के

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी इंटर्न झाले. समाजकार्याची पदवी हवी असेल तर एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण विभागात दोनशे चाळीस तास काम केल्याचा दाखला लागतो. रोजचे सहा तास धरले तर चाळीस दिवस. आमच्या केजमधल्याच एका कॉलेजने मला घेतलं. नवऱ्याने विचारलं, आता डबा कोण कुणाचा भरणार. मी सांगितलं, ज्याचा त्याने.

विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि जुन्या कार्यक्रमांचे गुंडाळलेले बॅनर. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मोजले, एकोणीस भरले. विभागप्रमुख सर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होते. कल्याण म्हणजे कार्यक्रम आणि कार्यक्रम म्हणजे फोटो, असा त्यांचा सरळ हिशोब. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मागच्या पोरांना पुढे सरकवण्याचं काम पहिले दहा दिवस माझ्याकडे होतं. माझ्या डायरीत सर हे काम 'नेतृत्वगुण' या सदरात लिहायला लावायचे.

तिसऱ्या आठवड्यात मला मनाजोगतं काम मिळालं. पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची यादी करायची. यादीत नाव आलेल्याला परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. सरांनी पहिल्या तासाचं हजेरीपत्रक दिलं आणि सांगितलं, विभाग हीच दिवसाची हजेरी धरतो. मी विचारलं नाही की पुढच्या चार तासांचं काय. दोन दिवस बसून ब्याण्णव दिवसांची हजेरी मोजली, तीन वेळा ताळा घेतला, टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत काढले. एकतीस नावं निघाली. सर म्हणाले, इतकं स्वच्छ काम विभागात कुणी केलं नव्हतं. मी घरी येऊन हे नवऱ्याला दोनदा सांगितलं. यादी फलकावर लागली.

लगेच सरांनी त्या एकतीस जणांसाठी 'वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान ठेवलं. सोमवारी, सकाळी दहाला. विसावा बॅनर आला. हजर राहिले आठ. वक्त्याने त्या आठांनाच गैरहजर राहण्याचे तोटे सांगितले. सर माझ्याकडे वळून म्हणाले, बघा, या पोरांना गांभीर्यच नाही. मी मान हलवली. ती हलवलेली मान मला अजून आठवते.

पावणेअकराला उरलेले तेवीसच्या तेवीस एकदम फाटकातून आत आले. एकाच एसटीतून उतरले होते.

त्यातली एक मुलगी थेट माझ्या टेबलापाशी आली. दुसऱ्या वर्षाला होती, घरी मेंढरं. मी तिला रोज दुपारी लायब्ररीत बघत होते, एकदा तिच्या वह्याही तपासून दिल्या होत्या. यादीत तिच्यापुढे मीच लिहिलं होतं, नऊ पॉइंट अठ्ठ्याहत्तर टक्के.

"काकू, म्या तर रोजच येते. तुमी सोता बघता की मला."

मी म्हटलं, दहाच्या पहिल्या तासाला नसतेस.

"पहिला तास सापडतोय कुटं? गाडीच साडेधाच्या पुढं लागती. न‍ऊ दिवस चुलत्याच्या मोटरसायकलीवर आलते, तेवढेच तुमी धरलेत."

मग हळूच सांगितलं की वडिलांनी ठरवलंय, यंदा परीक्षा हुकली तर कॉलेज बंद आणि मेंढरांमागं जायचं. अर्जाचा शेवटचा दिवस पुढचा सोमवार.

रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या मुलीला मी नऊ टक्के हजर ठरवलं होतं, आणि तेही दशांशासकट. माझ्या नेटकेपणाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मंगळवारपासून चार दिवस मी सकाळी जीपने तिच्या गावी गेले आणि त्याच एसटीने परत आले. कॉलेजच्या फाटकाशी पोहोचायला लवकरात लवकर दहा बत्तीस, उशिरात उशिरा दहा एक्कावन्न. आधी शाळेच्या पोरांची फेरी सोडून गाडी मागे फिरते, म्हणून हा उशीर. कंडक्टरने तिसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, तुमी कावून रोज येरझारा करायलात?" मी सांगितलं, शिकायला. त्याने माझ्याकडे बघून तिकीट फाडलं.

दुपारी प्राध्यापकांच्या वह्या मागून घेतल्या. तासातासाची हजेरी तिथे होती, फक्त कुणी ती विचारत नव्हतं. रोजचे पाच तास, एकूण चारशे साठ. मुलगी हजर तीनशे त्रेपन्न. शहात्तर पॉइंट चौऱ्याहत्तर टक्के. तेवीसपैकी सतरा जण यादीतून सुटले. सहा नाही सुटले, ते खरोखरच कमी यायचे.

शनिवारी कागद सरांपुढे ठेवले. ते खूश झाले. म्हणाले, अहवालात लिहा, व्याख्यानामुळे सतरा विद्यार्थ्यांच्या हजेरीत सुधारणा. मी सांगितलं, पाच दिवसांत नऊचे शहात्तर होत नाहीत.

"कोण बघतंय, मॅडम?"

"मी बघतेय की."

मग पहिल्याच तासाची हजेरी का धरली, हा प्रश्न प्राचार्यांपुढे जाईल, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी लगेच मार्ग काढला. प्रशिक्षणार्थीच्या अननुभवामुळे यादी चुकली, असं लिहून द्यायचं. त्यांनी वाक्य तयारच ठेवलं असावं, कारण एकदाही न अडखळता सांगितलं. दोष वाटून घ्यायला मी हटून बसले असते तर सोमवार निघून गेला असता. शिवाय माझ्या वाट्याचं तरी ते खरं होतं. मी सही केली. त्याखाली एक ओळ स्वतःहून लिहिली, की पुढे पाचही तासांची हजेरी धरावी. ती ओळ सरांनी खोडली नाही, बहुधा वाचलीच नाही.

शेवटच्या दिवशी 'प्रशिक्षणकाळातील वैयक्तिक व व्यावसायिक विकास' या फॉर्मवर मला सी श्रेणी मिळाली. शेरा होता, आकडेवारीत काळजी हवी. बाहेर दोघे जण एकविसावा बॅनर बांधत होते. 'वेळेचे व्यवस्थापन, भाग दोन', सकाळी दहाला.

लायब्ररीत मुलगी भेटली. अर्ज भरल्याची पावती तिने वहीत चिकटवून ठेवली होती, ती दाखवली. मग विचारलं, "तुमचं काय झालं, काकू?"

"सी."

"मंजी पास की न्हाई?"

"पास."

"मग झालं की," ती म्हणाली आणि पुस्तकाला लागली.