शाब्बासअक्का आणि कुंद्याचा डबा

जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहणारी मुलगी लिफ्टलासुद्धा 'शाब्बास' म्हणायची. मीटरनं येणारा रिक्षावाला, वेळेवर आलेलं पाणी, पहिल्या हाकेला उठलेली मी, सगळ्यांनाच शाब्बासकी. खरं नाव सुजाता, गाव खानापूर. मी तिचं नाव शाब्बासअक्का ठेवलं, तर म्हणाली, "शाब्बास! चांगलं सुचलं की तुला."

ती विद्यापीठात वर्तन-विश्लेषण शिकत होती. माणूस एखादी गोष्ट का करतो आणि कशानं सोडतो, याचा अभ्यास. तो सगळा चालायचा माझ्यावर. मी ओला टॉवेल पलंगावर टाकला की ही बया चकार शब्द काढायची नाही, नुसती भिंतीकडे बघत बसायची. दोरीवर घातला की लगेच हातावर चिक्की. मी पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत चांगली नोकरी करणारी बाई, आणि चिक्कीसाठी टॉवेल वाळत घालत होते! लाज वाटायची, पण चिक्की खरंच छान असायची.

खाली घरमालकीण अज्जी राहायच्या. त्यांची नात पुट्टी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. अक्का रोज संध्याकाळी तिच्यासमोर साबणाचे फुगे उडवत बसायची. पुट्टीनं एकदा 'बेकु', म्हणजे कन्नडमध्ये 'हवं', म्हणावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पुट्टी तिचा हात ओढायची, पण शब्द काही फुटेना.

"फुटेल की," अक्का म्हणायची. "घाई कुणाला आहे?"

घाई तिच्या वडिलांना, अप्पांना होती. शिक्षणाचं एक वर्ष उरलेलं असताना एका रविवारी ते खव्याच्या कुंद्याचा डबा आणि बँकेतल्या मुलाचं स्थळ घेऊन दारात हजर.

"हे शिकून नोकरी कसली लागती, ते सांग."

अक्का भिंतीकडे बघायला लागली. अरे देवा, अप्पांचा ओला टॉवेल झाला होता! त्यांचा आवाज चढत गेला.

"चढणारच," ती माझ्या कानात कुजबुजली. "लक्ष दिलं नाही की बंद व्हायच्या आधी एकदा चढतंयच."

आवाज बंद झाला खरा. मग अप्पा शांतपणे म्हणाले, "बॅग भर." कसलं शास्त्र आणि कसलं काय!

तेवढ्यात फुग्यांसाठी पुट्टी वर आली. लहान पोर दिसल्यावर अप्पा विरघळलेच. डबा उघडून तिला चमच्यानं कुंदा भरवायला लागले. एक चमचा, दुसरा, तिसरा. पोरीचे गाल टम्म फुगले.

"अप्पा, पुरे की."

"गप गं. खातीय ती."

पुढचा चमचा ओठांशी आला, तसा पुट्टीनं हात आडवा धरला. "साकु!"

साकु, म्हणजे बास. आम्ही जागच्या जागी थिजलो.

"बोलली! माझ्या कुंद्यानं बोलली!" अप्पा ओरडले आणि आनंदाच्या भरात आणखी एक चमचा भरला.

"थांबा अप्पा!" अक्काचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "साकु म्हणाली न्हवं ती? मग डबा बंद करा. बोलून उपयोगच झाला नाही, तर परत कशाला बोलेल?"

अप्पांनी निमूटपणे झाकण लावलं. पुट्टी बंद डब्याकडे बघून खुदकन हसली आणि मुद्दाम परत म्हणाली, "साकु." तिच्या मागोमाग आलेल्या अज्जी दारातच पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या.

"हीच नोकरी, अप्पा," अक्का म्हणाली.

अप्पा घसा खाकरून म्हणाले, "ते सगळं खरं, पण बँकेतला मुलगा..."

"अप्पा, साकु."

अप्पांनी डब्याकडे पाहिलं, पुट्टीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"शाब्बास, अप्पा," असं म्हणत अक्का रडायलाच लागली. अप्पा संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

पुढच्या वर्षी तिला हुबळीत पुट्टीसारख्याच मुलांच्या एका केंद्रात नोकरी लागली. ती गेली त्या दिवशी घर नुसतं खायला उठलं. मी रागानं ओला टॉवेल पलंगावर फेकला. भिंतीकडे बघायला कुणी नव्हतं. शेवटी मुकाट्यानं तो उचलून दोरीवर घालायला गेले, तर तिथं चिमट्यात अडकवलेली चिक्की!