पडद्याची पुढची बाजू

गच्चीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरीला खळीचा वास आला की मला मैदानातला सिनेमाचा पडदा आठवतो. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात सगळे पडद्यासमोर बसायचे आणि आमची वस्ती पडद्यामागं. कुणाला सांगावंही लागत नसे. मागून चित्र उलटं दिसतं, त्यामुळं सिनेमातली माणसं डावखुरीच असतात अशी माझी खात्री होती. एकदा राखीव जागेवर कॉलेजात गेलेल्या, आमच्यासारख्याच एका पोरीचा सिनेमा लागला. वर्गात तिला मागच्या बाकावर बसवलं, तशी माझी आत्ती उठली, बसायचं पोतं काखोटीला मारलं आणि थेट पुढं मधोमध जाऊन बसली. "ए बाई, तुमची जागा मागं हाय की!" कुणीतरी ओरडलं. आत्तीनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "शिनेमा आमचा, आन् आमीच मागनं बघायचा व्हय?" शेंगा फोडायचे आवाज थांबले. मग आम्ही सगळेच पोती उचलून पुढं गेलो, आणि पडद्यावरची ती पोरगी मला उजव्या हातानं लिहिताना दिसली. आता मी शहरात मधल्या रांगेचं तिकीट काढतो. तरी पडद्यावर कुणी डावखुरं दिसलं, की आधी आपण कुठल्या बाजूला बसलोय ते बघून घेतो.