पानमळ्यातला बंपर

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळी सहदेव अकोटात टांगे रंगवायचा. पुढे मोटारी आल्या, त्याही त्याच्या हाताखालून जाऊ लागल्या. खरचटलं होतं कुठे, ते खुद्द मालकाला सांगता येऊ नये, असं त्याचं काम. त्याच्या बापाला, भगवंताला, मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. घरचा पानमळा सोडून रोगणात हात घालणारा पोरगा त्याच्या लेखी वाया गेलेला. पानमळ्यात चपला काढून, हातपाय धुऊन जायचं, ही तर सगळ्यांचीच रीत. भगवंताने तीत पदरची भर घातली: ज्याच्या हाताला रोगणाचा वास, त्याने कुडाच्या दाराची ताटी ओलांडून आत पाऊल टाकायचं नाही. कित्येक वर्षं सहदेव ताटीबाहेरच होता. यंदा वेल कसे आलेत, हे आईला विचारायचा. ते त्याला फार लागायचं.

कापसातून सरकी काढणारे जिन चालू असतात त्या ऐन हंगामात जिनवाल्या शेठजींचा ड्रायव्हर नत्थुजी बंपर घेऊन आला. शेठजींची मोटार बैलगाडीच्या चाकाला घासून एका कोपऱ्यावरचं काळं रोगण खरवडलं होतं. सहदेवने काचकागदाने घासलं, लुकण भरलं, अस्तर दिलं, वरचा हात फिरवला. तेवढ्यात रुईचे तंतू येऊन त्यावर बसले, पोराच्या ओठावर मिसरूड फुटावं तसे. पुसून पुन्हा हात दिला, पुन्हा तेच. हंगामात अकोटची हवाच कापसाची. चारी बाजूंनी कुडाने बंद, गार, ना वारा ना धूळ, अशी जागा गावात एकच होती.

बंपर खांद्यावर टाकून तो पानमळ्याच्या ताटीपाशी उभा राहिला.

"बा, याले आत ठेवू द्या. बाहेर रुई बसून राहिली."

"तू आत याचं नाही," भगवंत म्हणाला.

"मी नाही येत. याले घ्या."

म्हाताऱ्याने बंपर आत नेला. लोखंडाला जागा मिळाली, पोटच्या पोराला नाही. सहदेवला राग आला, तो त्याने गिळला. पण शेवटचा हात देणार कोण? कुंचला आणि डबा त्याने कुडावरून बापाच्या हाती दिला.

"कुंचला अर्धाच बुडवा," तो बाहेरून सांगू लागला. "एकाच बाजूनं वढा. मांगं फिरू नोका."

"मले शिकवून राहिला काय?" आतून भगवंत गुरकावला. पण कुंचल्याचा आवाज सांगितल्याबरहुकूमच येत होता.

काम आटोपून भगवंत हात धुवायला बाहेर आला. रोगण पाण्याने निघेना, राखेनेही निघेना.

"हे कायनं निंगते रे?"

सहदेवने घासलेटची चिंधी पुढे केली. रंग निघाला. म्हाताऱ्याने बोटं नाकाशी नेली.

"अन् वास?"

"वास नाही जात, बा. राहते काही दिवस."

भगवंत आपल्याच ताटीकडे बघत राहिला. वेलांना पाणी द्यायची वेळ झाली होती आणि रीत त्यानेच घातली होती.

"चपला काढ," म्हातारा म्हणाला. "पाणी सोडाचं हाये."