रडायला पुरुष मिळाला

आमच्यात तिला सगळे वाफ म्हणतात. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती वाफेच्या मोठ्या यंत्रावर चादरींना इस्त्री करते, आणि चिडली की तिच्याही तोंडून तसाच फस्सकन आवाज निघतो. नवरा कधीच सोडून गेलाय, मुलगी सासरी आहे. एका कानात इयरफोन, दुसरा कान यंत्राकडे, म्हणजे बोटं शाबूत राहतात. कथा, मुलाखती, नाटकं, मिळेल ते ऐकते. सुट्टीला मोबाइलवर सिनेमे बघते.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही स्पेअर पार्ट्सच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. इतक्यात काय वाचलं, ऐकलं, पाहिलं, ते ज्यानं त्यानं सांगायचं. बायका जास्त, पुरुष चार-दोन. विषय ठरलेला नसतो, पण गाडी फिरून फिरून तिथंच येते: कुणी रडायचं, कुणी चिडायचं, कुणी चित्रं काढायची आणि कुणी त्यांच्यावरची धूळ पुसायची.

वाफेनं तिथं एक नियम करून घेतलाय. सांगताना कुणाचा गळा दाटला तर कुणी उठायचं नाही, पाणी आणायचं नाही, पाठीवर हात फिरवायचा नाही. "पाणी पाजून गप्प करतात हो बाईला," ती म्हणाली होती. "घोट घेतला की विषय संपला. मला सांगू द्या, नाक माझं मी पुसेन." हा नियम सगळ्यांनी पाळला. निदान बायका रडल्या तेव्हा तरी.

मग आला वेल्डर. साधा, आडदांड, कमी बोलणारा माणूस. मोबाइलवर ऐकलेली एक कादंबरी सांगत होता. तिच्यातल्या बापाला मुलाला जवळ घ्यायचं असतं आणि काही केल्या जमत नाही. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. झालं, अख्खी खोली उठली. एकीनं बाटलीचं झाकण उघडून दिलं, दुसरीनं रुमाल काढला, तिसरीनं पंखा त्याच्याकडे वळवला. आमचे अध्यक्ष, रिटायर्ड बँकवाले, चष्मा पुसत म्हणाले, "केवढं धाडस लागतं याला."

"अहो, तो रडलाय, विहिरीत नाही उडी मारली," वाफ म्हणाली.

कुणी हसलं नाही. वेल्डर बिचारा बाटली धरून बसला. त्याची गोष्ट अर्धीच राहिली, आणि पुढे काय झालं ते कुणी विचारलंही नाही.

खरी आग पुढच्या गुरुवारी लागली. वर्षातून एकदा आम्ही मोठं सभागृह घेतो. बाहेरचे लोक येतात, आणि आपल्यातलं एकजण सविस्तर सांगतं. यंदा पाळी वाफेची होती. तिनं एका बाईची मुलाखत ऐकली होती. ही बाई आयुष्यभर सिनेमातल्या नट्यांच्या जागी रडली. तोंड नटीचं, हुंदका हिचा. शेवटी नावं येतात त्यात हिचं कधी आलं नाही. चादरी दाबता दाबता वाफेनं ती मुलाखत पुन्हा पुन्हा ऐकली. कुठं थांबायचं, कुठं त्या बाईसारखा आवाज काढायचा, सगळं बसवलं. लाँड्रीतल्या बायका येणार होत्या, मुलगी रजा काढून येणार होती.

त्या गुरुवारी अध्यक्ष म्हणाले, "यंदा वेल्डरदादांना देऊ. पुरुष मोकळेपणानं रडतोय, लोकांत वेगळा संदेश जाईल. ताई, तुम्ही त्यांची ओळख करून द्या. पाच मिनिटं."

"बायकांचं रडणं शिळं झालं का?" मी विचारलं.

"तुम्ही लगेच अंगावर येता."

"येणारच. ही महिनाभर बसवतेय ते काय घशाला व्यायाम म्हणून?"

त्यांनी हात वर करायला लावले. वाफेच्या बाजूनं दोनच, तिचा आणि माझा. वेल्डर मान खाली घालून बसला होता. माझ्या शेजारणीचं रडगाणं वाफेनं कधीकाळी जागेवरून न हलता ऐकलं होतं. त्या शेजारणीनंही हात वेल्डरसाठी वर केला. तिला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वाफेनं माझं मनगट धरलं. "माझ्या वतीनं भांडू नकोस. मला तोंड आहे."

कार्यक्रमाला सभागृह भरलं. ओळख करून द्यायला वाफेनं साफ नकार दिला होता. पहिल्या रांगेत मुलीशेजारी येऊन बसली. वेल्डर उभा राहिला. बापाचं, मुलाचं, सगळं त्यानं नीट, शेवटापर्यंत सांगितलं. पण त्याला रडूच आलं नाही. लोक वाट बघून कंटाळले, मागं खुर्च्या वाजू लागल्या. अध्यक्ष विंगेतून खुणा करतायत: जरा सावकाश, जरा आतून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाचंही ऐकायला कुणी आलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघायला आले होते सगळे.

टाळ्या जेमतेम पडल्या. अध्यक्ष आभार मानायला निघाले तोच वाफ स्टेजवर चढली. वेल्डरनं माईक तिच्या हातात दिला आणि खाली येऊन तिच्या खुर्चीत बसला.

"वेळ संपलीय, ताई."

"तुमची संपली असेल," वाफ म्हणाली, आणि सुरू झाली.

बरेच लोक उठले. लाँड्रीतल्या बायका पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर सरकल्या. मग वाफेनं त्या बाईचा पहिला हुंदका काढला, आणि दारापर्यंत गेलेले काहीजण वळून उभे राहिले. अध्यक्षांनी सभागृहाच्या वायरमनला खूण केली. तो दिवे घालवायला भिंतीकडे निघाला. मी त्याच्याआधी पोचले आणि बटणांना पाठ लावून उभी राहिले.

"बाई, मला वरून सांगितलंय."

"मग वरच्याला पाठव," मी म्हटलं. "आणि हळू बोल, तिचं ऐकू येत नाहीये."