बाबांनी काढलेला काउंटीचा नकाशा

बाबा मंगळवारी गेले. ताई अमेरिकेतल्या एका काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, राहते. आमच्या धानाच्या गावी, सानगडीत बसून बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या काउंटीचा नकाशा काढत. तलाव आला की ताईला फोन लावत.

"याचं पाणी कोण सोडते बाई? पाण्याच्या पाळीवरून भांडते कोण?"

"बाबा, इथं धान नाही, मका होते. तलावात लोकं मासे धरतात."

"मंग त्याईले विचार. शेजारी कोण हाय, तेही मालूम नाही तुले?"

एकटी पडलेली ताई नकाशासाठी दारोदार विचारत फिरली. मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, जर्मन वंशाचे म्हातारे शेतकरी नकाशावर बाबांच्या अक्षरात उतरले. बाबा गेल्याचं कळताच तेच लोक तिच्याकडे जेवण घेऊन आले.

नकाशाचा उत्तरेकडचा कोपरा कोरा आहे.